पडद्याआडून काचेसमोर : पुण्यातल्या ताज्या बिअरची पंधरा वर्षे (२००९–२०२४)

पुण्यात स्मरणिका कशाची निघत नाही? व्याख्यानमालेची निघते, तालमीची निघते, पतपेढीची निघते, गणेश मंडळाची तर हक्काने निघते. मुखपृष्ठावर संस्थापकांचे छायाचित्र, आत मान्यवरांचे शुभसंदेश, मग ‘संस्थेची वाटचाल’, आणि मागच्या पानांवर सराफांच्या आणि मंगल कार्यालयांच्या जाहिराती. या पंगतीत बिअर बनवणाऱ्या जागेचे पान मांडावे का, यावर घरोघरी मतभेद होतील. अमृततुल्याला संस्था म्हणायला आपण एका पायावर तयार असतो. बिअरचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली जातो.

हिशेब मात्र सरळ आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. २०२४ मध्ये त्याला पंधरा वर्षे झाली. या काळात तिने कारागीर घडवले, मुंबईत शाखा काढल्या, तिच्या मागोमाग शहरात अशा आणखी जागा उभ्या राहिल्या, आणि सगळ्या पब-व्यवसायाला मान खाली घालावी लागेल असा एक दिवसही आला. संस्थेचा इतिहास म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

पूर्वपीठिका

पुण्यात बिअर आली ती लष्कराबरोबर. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि पेठांच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली. गोऱ्या शिपायाला बिअर ही चैन नव्हती. ती शिध्यातलीच वस्तू होती. विलायतेहून निघालेली पिंपे आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबईच्या धक्क्यावर उतरत. लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रुअरीने या व्यापारात आधी नाव काढले. पुढे बर्टनचे ऑलसॉप आणि इतर त्यात उतरले, आणि हॉप्स सढळ हाताने घातलेल्या त्या फिकट बिअरला ‘इंडिया पेल एल’ हे नाव मिळाले. आज पुण्यातला एखादा तरुण ‘आयपीए’ मागवतो तेव्हा त्या आद्याक्षरांतला ‘आय’ आपलाच आहे, हे त्याच्या लक्षातही येत नाही. हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या ब्रुअरींपैकी एक एडवर्ड डायरने एकोणिसाव्या शतकात कसौलीला काढली. जागा हिमालयातली निवडली, कारण बिअरला थंडावा लागतो. जालियनवाला बागेतला जनरल डायर तो याच डायरचा मुलगा.

पेठांतला इतिहास नेमका उलट आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवले. १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. त्यातल्या तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ ही मराठीतली पिणाऱ्यांची सर्वांत प्रसिद्ध संस्था म्हणावी लागेल, आणि तीही थट्टेसाठी काढलेली. फुले, टिळकांचे अनुयायी आणि गडकरी यांचे एरवी किती जुळले असते कोण जाणे, पण या एका बाबतीत तिघांचा कौल एक होता. पुण्यातल्या कुठल्याही पबचा इतिहास लिहिताना हा कौल विसरता येत नाही.

पडदा

स्वातंत्र्यानंतर तो कौल कायद्यात उतरला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि नाव बदलले तरी महाराष्ट्रात आजही तोच चालतो. म्हणजे आपल्या राज्यात दारू ‘चालू’ नाही. बंदीतून सूट मिळालेली आहे. सूट परवान्याने मिळते, म्हणून बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेले असते. पिणाऱ्याजवळही परवाना असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. हे दोन शब्द आता इतके मराठी झाले आहेत की त्यांच्यात एका चळवळीचा पराभव आणि तिचा मानही दडलेला आहे, हे कुणाला आठवत नाही.

परमिट रूम कशी असे, ते माझ्या पिढीला सांगायला नको. रस्त्याकडच्या खिडक्यांना काळी काच किंवा जाड पडदा, आत लाल दिवा, एका कोपऱ्यात माशांची काचपेटी, चखण्याला खारे शेंगदाणे, आणि जिन्यावरून वर ‘फॅमिली रूम’. बिअर यायची ती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) कारखान्यांतून, बाटलीत, पाश्चराइज करून, महिनोन्महिने टिकेल अशा बेताने. मागणी ‘स्ट्राँग’ला. चव हा चर्चेचा विषयच नव्हता. ग्राहक दोन गोष्टी विचारायचा: थंड आहे का, आणि चढते का. पडद्यामागे एकच काम चालते, आणि ते लवकर उरकायचे असते.

नावाची कथा

पहिल्या मायक्रोब्रुअरीने आपले नाव घेतले ते नाशिकजवळच्या देवळालीवरून, इंग्रजी उच्चाराने: डूलॅली.

देवळालीला एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याचा मोठा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले शिपाई तिथे आणून ठेवत आणि जहाज मिळाले की रेल्वेने मुंबईला पाठवत. सैन्याची जहाजे सुटत ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याने पुढचे सहा-सात महिने करायचे काय? काम नाही, कवायत नाही, ऊन आणि मलेरिया मात्र भरपूर, आणि घर डोळ्यांसमोर. काहींची डोकी फिरत. शिपायांच्या बोलीत त्याला नाव पडले ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप चढला, म्हणजे माणूस कामातून गेला. पुढे शेपूट गळाले आणि इंग्रजीत नुसते ‘डूलॅली’ म्हणजे वेडा, असा अर्थ रूढ झाला. वाट पाहून वेडे होण्याच्या गावाचे नाव ब्रुअरीला द्यायचे यात थोडी गंमत आहे आणि थोडे खरेपणही आहे, कारण ह्या धंद्यात निम्मे काम वाट पाहण्याचेच असते.

स्थापना

सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये ही ब्रुअरी सुरू केली. जागा मिळाली शहराच्या दक्षिण टोकाला, एनआयबीएमच्या पलीकडे, कोरिंथियन्स क्लबमध्ये. बिअर बनवायची जबाबदारी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरकडे. कारखाना आणि बार एकाच छपराखाली, बनवणारा आणि पिणारा एकमेकांना दिसतील अशा अंतरावर, ही कल्पनाच राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या चौकटीत नवी होती. खात्याला माहीत होते ते मोठे कारखाने आणि छोटे बार. त्यामुळे पहिल्याला वाट पाडावी लागली आणि मागून येणाऱ्यांना ती आयती मिळाली.

गिऱ्हाइकाचीही पुन्हा शिकवणी घ्यावी लागली. बिअर म्हणजे पिवळीजर्द, पारदर्शक, बर्फासारखी थंड, हा पाठ पक्का झालेला. इथे ग्लासात आली ती गढूळ गव्हाची बिअर, हेफेवायझन, जिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. ‘यात केळे घातले आहे का?’ हा प्रश्न गव्हाची बिअर विकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. केळे नसते, लवंगही नसते. तो वास त्या जातीचे यीस्ट स्वतः तयार करते. त्यानंतर बेल्जियन विटबिअर आली, ओट घातलेली काळी स्टाउट आली, धुरी दिलेल्या माल्टची राउखबिअर आली. सगळ्यांत लोकप्रिय ठरलेल्यांत मात्र एक असे पेय होते की ते बिअरच नव्हे: सफरचंदाच्या रसाची सायडर. कडू न आवडणाऱ्यांना तिने आत आणले.

भट्टी

‘भट्टी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हातभट्टी येते, म्हणून फरक सांगणे भाग आहे. दारू गाळतात, बिअर आंबवतात. ह्या कामाला जवळची उपमा गुत्त्यात नाही, स्वयंपाकघरात आहे.

जव भिजवून त्याला मटकीसारखे मोड आणतात आणि मोड आले की भट्टीत वाळवतात. हा माल्ट. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की ती पिठाची साखर करू शकतात. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड होते. दोन-चार अंशांनी चुकले तर बिअर एक तर पाणचट होते नाही तर जड. ते गोड पाणी निथळून तासभर उकळतात. उकळताना हॉप्सची सुकी फुले पडतात: आधी पडली तर कडवटपणा, शेवटी पडली तर वास. मग झटकन गार करून यीस्ट घालायचे. एल जातीचे यीस्ट २० अंशांच्या आसपास आठवड्याभरात काम उरकते. लागरचे थंडीत, ८ ते १२ अंशांवर, सावकाश कित्येक आठवडे घेते. उरलेला चोथा गुरांना चालतो.

पाककृती एवढीच. बाकी सगळे धुणे. ब्रुअरीतला माणूस दिवसातला बराच वेळ टाक्या, नळ्या आणि झडपा घासत असतो. इडलीचे पीठ आपण आज फुगले नाही तर उद्यावर ढकलतो. इथे एक चुकार जंतू टाकीत शिरला की सगळी टाकी गटारात. ताज्या बिअरला पाश्चरायझेशनचे कवच नसते. तिचे आयुष्य आठवड्यांत मोजायचे, आणि तेही थंडीत.

पिंपातली बिअर इथे का रुजली नाही

इंग्लंडच्या लहान गावांतल्या पबचे वैभव म्हणजे ‘कास्क एल’. ती पिंपात भरली तरी जिवंत असते. पिंपातच तिचे दुसरे आंबणे होते, तळघरात साधारण १२ अंशांवर ती निवळते आणि हाताच्या पंपाने वर ओढून ग्लासात येते. बाहेरचा वायू नाही. पिंप एकदा उघडले की तीनेक दिवसांत संपवावे लागते. मोठ्या कंपन्यांच्या वायू भरलेल्या बिअरपुढे ही पद्धत मरू लागली, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी ती वाचवण्याची मोहीम काढली. ‘कॅम्रा’ नावाची ती मोहीम आजही चालू आहे.

पुण्यात हे जमण्यासारखे नव्हते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकणाऱ्या गावात १२ अंशांचे तळघर यंत्रानेच राखावे लागणार. शिवाय मंगळवार-बुधवारी रिकाम्या असणाऱ्या जागेत तीन दिवसांत पिंप संपवायचे कुणी? म्हणून इथे थंड टाकी, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि थेट नळ ही पद्धत रुजली. तरी कास्कमागचा मूळ विचार पुण्याने उचलला: बिअर बनते तिथेच प्यावी, आणि ती शिळी होण्याआधी प्यावी. अमृततुल्याचा चहा थर्मासमधून घरी नेला की तो चहा राहतो, अमृततुल्य राहत नाही. तसेच हे.

मैफल

मध्यंतरी माझ्या भाच्याने मला कॅम्पातल्या एका बारमध्ये नेले. तीस वर्षांपूर्वी मी तिथे एकदाच गेलो होतो आणि बाहेर पडताना रस्त्यावर ओळखीचे कुणी नाही ना, हे आधी पाहिले होते. आता ती जागा ओळखू येईना. रस्त्याकडची भिंत पाडून तिथे छतापर्यंत काच बसवलेली. माशांची पेटी गेली होती, तिथे फळ्यावर खडूने बिअरची नावे आणि प्रत्येकीपुढे मद्यार्काचे प्रमाण. जुने शिसवी काउंटर मात्र पॉलिश करून तसेच ठेवलेले. वेटरने भाच्याकडे ओळखपत्र मागितले. त्याचे वय २४. ‘बिअर मिळेल, व्हिस्की नाही,’ वेटर म्हणाला. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागते, बाकी मद्यासाठी २५. भाचा चिडला. मी म्हटले, ‘अरे, आमच्या वेळी कुणी विचारलेच नाही, हेच तर वाईट होते.’

कोपऱ्यात एक मुलगा गिटार घेऊन बसला होता. त्याने आधी इंग्रजी गाणी म्हटली, मग स्वतःची दोन हिंदी. शेजारच्या टेबलावरचे बोलणे थांबले नाही, पण हळू झाले. मला ते पुरले. पुण्याच्या श्रोत्याला शांत बसवणे किती अवघड असते, ते आपण जाणतोच.

या शहराला संगीत बैठकीत ऐकायची सवय आहे. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने ती घडवली. गिटार आणि ड्रम्सची पुण्याची परंपरा लष्कर आणि कोरेगाव पार्कच्या बाजूची. तिथे ‘हाय स्पिरिट्स’सारख्या जागांनी स्वतःची गाणी करणाऱ्या बँडना वर्षानुवर्षे मंच दिला. डिसेंबर २०१० मध्ये पहिला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव पुण्यात झाला, तोही कोरेगाव पार्कात. म्हणजे ताजी बिअर आणि ताजी गाणी या शहरात एकाच वर्ष-दीड वर्षात रुजली. दोन्हींमागे एकच मागणी होती: बाटलीबंद नको, समोर झालेले हवे.

दोन्ही परंपरांना एक कायदा समान लागू आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यापायी गेल्या. पबच्या गच्चीवरचा गिटारवालाही दहाला तार उतरवतो. पहाटेचा भैरव ऐकलेले लोक याबद्दल हळहळतात, आणि त्यांची हळहळ रास्त आहे. पण पबशेजारी राहणाऱ्या घरात परीक्षेचे मूल असते, हेही तितकेच रास्त आहे.

शाखाविस्तार

२०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी सुरू झाली. शैलेंद्र बिष्ट आणि अवनीश वेलंकी हे तिचे संस्थापक. अमेरिकी पद्धतीच्या, हॉप्सचा कडवटपणा मिरवणाऱ्या बिअरची गोडी पुण्याला लागली ती तिथे. एफिंगट ही आणखी एक ब्रुअरी आली. नकुल भोसले यांच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकमासारख्या घरच्या जिनसा बिअरमध्ये आणल्या. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी मूनशाइन मीडरी काढून मध आंबवून केलेले मीड पुण्यातून बाजारात आणले. स्वतः डूलॅलीने २०१५ मध्ये अंधेरीत टॅपरूम उघडली आणि पुढे खारला. पुण्याने काढलेली संस्था मुंबईत नावारूपाला येण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे; पुणेकरांनी तो सवयीने सोसला.

या वाटचालीत जाणवते ते असे की, नुसती परदेशी चव उचलून आणणाऱ्याला गिऱ्हाईक एकदा भेटले. कोकम, आंबा, मध असे ओळखीचे काही घेऊन आलेल्याकडे ते परत गेले.

परीक्षा

स्मरणिकेत सहसा कटू प्रसंग लिहीत नाहीत. इथे लिहिला नाही तर हा इतिहास खोटा ठरेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालक सतरा वर्षांचा होता, आणि त्याआधी तो पबमध्ये गेल्याचे तपासात पुढे आले. शहर पेटून उठले. उत्पादन शुल्क खाते, पोलीस आणि महापालिका यांच्या कारवाया सुरू झाल्या. अनेक जागांना टाळे लागले.

त्या दिवसांत पबवाल्यांची बाजू घेणे कुणाला शक्य नव्हते, आणि ती घ्यायचे कारणही नव्हते. १८८० चे पत्र आणि १९०८ चे सत्याग्रही यांचा मुद्दा अजून शिल्लक आहे, एवढेच त्या पहाटेने सिद्ध केले. पण त्यातून निघणारा धडा पडद्याच्या बाजूचा नाही. पडद्याआड कोण काय पितो, किती वयाचा पितो, हे कुणालाच दिसत नाही. तिथे जबाबदारी कुणाचीच नसते. काचेसमोर ती दिसते. बनवणारा दिसतो, मद्यार्काचे प्रमाण फळ्यावर दिसते, वेटर वय विचारतो. आणि जो विचारत नाही, तोही दिसतो. पंधरा वर्षांची कमाई मोजायची तर बिअरच्या जाती मोजू नयेत. पिणे रस्त्यावरून दिसेल अशा जागी आणले, ही कमाई मोजावी. ती टिकवायची की पुन्हा पडदा ओढायचा, हे मालकांच्या हातात आहे.

ऋणनिर्देश आणि विनंती

ऋण मानायचे तर पहाटे टाक्या घासणाऱ्या कामगारांचे, मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणाऱ्या मुलांचे, आणि हो, दहाच्या ठोक्याला फोन करणाऱ्या शेजाऱ्यांचेही.

वाचकांना विनंती एवढीच. वेटरने ओळखपत्र मागितले तर केस पांढरे असले तरी काढून दाखवा. शेजारच्या टेबलावरच्या पोराला मग तक्रार करता येणार नाही. आणि गाडीची किल्ली घरी ठेवून या. परतीला रिक्षा मिळते. मीटरने येईल का, हा प्रश्न पुण्याच्या पुढच्या स्मरणिकेसाठी राखून ठेवू.